गुरुवारचे फोटो

आमच्याकडे आठवडा गुरुवारी संपतो. पुण्यातल्या पाहुण्यांना हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. ते रविवारी निवांत गप्पा मारायला फोन करतात, मी कामावर असतो, आणि मग ते रुसतात. रुसोत बापडे. भोसरीच्या एमआयडीसीत रविवारी सगळे प्रेस, लेथ आणि कंप्रेसर जोरात चालू असतात, आणि गुरुवारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पूर्वी गुरुवारी लाइटच नसायची म्हणून ही सुट्टी पडली. आता लाइट दुरुस्तीपुरती जाते-येते, पण सुट्टी राहिली. मी चाकणजवळच्या गावचा, आयुष्य याच पट्ट्यात गेलं, म्हणजे गुरुवार माझ्या हाडात मुरलेला. तरी त्याच गुरुवारनं मला फसवलं आणि माझ्यामुळे दुसऱ्या एका बाईला. हे त्याबद्दल आहे.

आधी मी चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॅमेऱ्याच्या तपासणीवर होतो. सरकत्या पट्ट्यावरून भाग यायचा, कॅमेरा फोटो काढायचा, चरा दिसला की भाग बाजूला. फोटो स्वच्छ करायचं काम माझं. त्यात माझा हात बसला. मग भोसरीतल्या एका निवृत्त इंजिनियर साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी अर्धं शेड भाड्यानं घेतलं होतं आणि तिथं ते मायक्रोस्कोप बनवत होते. साधा नव्हे, पेशीच्या आतलं अतिबारीक दाखवणारा, परदेशातून आणायचा तर मोठ्या संस्थांनाच झेपणारा. साहेब म्हणायचे, आपण तो भोसरीत बनवू. लोक मागून हसायचे. मीही हसलो आणि नोकरी धरली. आमचे वडील विचारणाऱ्याला सांगायचे, "पोरगं भोसरीत बारकं बारकं फोटू धुतंय." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

त्या मायक्रोस्कोपचं काम असं. पेशीतल्या एखाद्याच भागाला चमकणारा रंग लावायचा आणि त्यावर लेसर सोडायचा. रंगाचे कण एकेक करून लुकलुकतात. चार मिनिटं सलग हजारो फोटो घ्यायचे, कुठला कण नेमका कुठं लुकलुकला ते टिपायचं, आणि ते सगळे ठिपके एका जागी मांडले की साध्या मायक्रोस्कोपला जन्मात दिसणार नाही एवढं बारीक चित्र तयार होतं. चार मिनिटांऐवजी दहाच सेकंद मिळाले तर ठिपके कमी पडतात आणि चित्रावर मुंग्या येतात. पूर्वी ॲन्टेना हलला की टीव्हीवर यायच्या तशा. त्याला नॉइज म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्या शेडमध्ये सगळे मुंग्याच म्हणायचे, साहेबसुद्धा.

चार मिनिटं म्हणजे काय फार झाली का? झाली. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये पॉवर प्रेस आहे. तो तिन्ही पाळ्यांत पत्र्याचे ब्रॅकेट ठोकतो. एकेक ठोका पायाखालून येतो. साहेबांनी मायक्रोस्कोपचं टेबल हवेच्या उशांवर ठेवलं होतं, तरी ठोका चित्रात दिसायचाच. चहाच्या सुट्टीत प्रेस थांबायचा, पण कंप्रेसर घुरघुरत राहायचा. म्हणजे रोजच्या दिवशी आम्हाला चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत दहा-दहा सेकंदांचे फोटो मिळायचे, सगळे मुंग्यांनी भरलेले. खरं चार मिनिटांचं चित्र फक्त गुरुवारी.

तर मी एक युक्ती केली. युक्ती माझी नव्हे, जगभर लोक करतात, पण भोसरीत मी केली. गुरुवारी एकाच पेशीचे दोन फोटो घ्यायचे, एक दहा सेकंदांचा मुंग्यांचा आणि एक चार मिनिटांचा स्वच्छ. अशा शेकडो जोड्या कंप्युटरला दाखवायच्या, की बाबा, हे असं दिसलं तर खरं ते तसं असतं. हळूहळू तो शिकतो. मग आठवडाभराचे मुंग्यांचे फोटो त्याला द्यायचे आणि त्यानं ते स्वच्छ करून द्यायचे. सहा महिने मी एकही गुरुवार घरी काढला नाही. घरचे वैतागले. पण जमलं. शिकवताना बाजूला ठेवलेल्या काही गुरुवारच्या जोड्यांवर मी त्याची परीक्षाही घेतली आणि तो जवळजवळ पैकीच्या पैकी पास झाला. साहेबांनी मला मिठी मारली होती. तो माणूस कुणाला हात मिळवतानाही विचार करतो.

आता मॅडम. साहेबांनी मायक्रोस्कोप बनवला, पण त्यात बघायला पेशी कुठून आणायच्या? म्हणून जीवशास्त्राच्या एक बाई ठेवल्या. लातूरकडच्या. त्यांनी पेशी वाढवायच्या, रंग लावायचा, मायक्रोस्कोप वापरून बघायचा, आणि त्याबदली स्वतःच्या पीएचडीचं कामही इथंच करायचं, असा करार. पीएचडी रेंगाळलेली होती. त्या भोसरीतच एका खोलीत राहायच्या. मुलगी गावी, त्यांच्या आईकडे. नवरा नव्हता. म्हणजे होता, पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मी कधी विचारला नाही. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला दादा म्हणायच्या.

बुधवारी संध्याकाळी मॅडम एसटीनं गावी जायच्या. गुरुवार पूर्ण मुलीबरोबर. तिची शाळा सकाळची, अकराला सुटायची, आणि मॅडम शाळेच्या फाटकाशी उभ्या असायच्या. रात्रीच्या गाडीनं परत, शुक्रवारी सकाळी डोळे तारवटलेले, पण कामावर वेळेत. इतकी वर्षं एकही गुरुवार चुकवला नाही असं त्या सांगायच्या आणि मला ते खरं वाटायचं.

त्यांच्या गावच्या कॉलेजात एक प्राध्यापक मेमध्ये निवृत्त होणार होते. कायमची जागा. असली जागा तालुक्याच्या गावाला एका पिढीत एकदा निघते. अट एकच, पीएचडी हातात पाहिजे. विद्यापीठानं प्रबंध द्यायला शेवटची मुदत डिसेंबरअखेर दिली होती. प्रबंध वेळेत गेला तर पदवी, पदवी आली तर जागा, जागा मिळाली तर मुलगी आणि आई एका घरात. हे सगळं आम्हाला पाठ होतं. साहेबसुद्धा दर सोमवारी विचारायचे, कुठवर आलं. आणि प्रबंधात नेमकं जे अडलं होतं ते माझ्या टेबलावर होतं.

पेशीत तंतुकणिका असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना पेशीचं वीजघर म्हणतात. धडधाकट पेशीत त्या लांब धाग्यांसारख्या दिसतात. पेशी फार गोड पाण्यात ठेवल्या, म्हणजे मधुमेह्याच्या रक्तात असतं तसं, तर धागे तुटतात आणि तुकडे होतात. मॅडम एका वनस्पतीतून काढलेलं द्रव्य घालून बघत होत्या, की धागे तुटायचे थांबतात का. साध्या फोटोंत काही कळेना, मुंग्याच मुंग्या. माझ्या कंप्युटरमधून काढले आणि बघतो तर काय, नुसत्या साखरेतल्या पेशींत तुकडेच तुकडे आणि द्रव्य घातलेल्या पेशींत लांब सलग धागे. मॅडमनी खुर्ची मागं ढकलली आणि तोंडावर हात ठेवला. त्यांच्या मार्गदर्शकांनीही फोटो बघून मान डोलावली. प्रबंधाचं तेवढं एकच प्रकरण उरलं होतं, ते त्या महिन्यात त्यांनी लिहून काढलं.

मी त्या दिवसांत गावात जरा छाती काढून चालत होतो, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दसरा नेमका गुरुवारी आला. आमच्या पट्ट्यात याचा फार राग येतो, कारण एक सुट्टी फुकट बुडते. पण खंडेनवमी आली बुधवारी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा. शेजारचा प्रेस सकाळपासून बंद. कामगारांनी तो पुसून चकचकीत केला, झेंडूचे हार घातले, कंप्रेसरलाही एक हार, फोर्कलिफ्टलाही. प्रेसवरचा जुना ऑपरेटर हळदीकुंकवाचं ताट घेऊन आमच्याकडे आला, की तुमच्या मशिनला पण लावू द्या. साहेब घाबरले. भिंगाला कुंकू लागलं तर संपलंच. शेवटी टेबलाच्या पायाला बोट टेकवायची परवानगी मिळाली. नारळ मात्र आमच्या खोलीत फोडायचा नाही, बाहेर फोडायचा, असं ठरलं.

मॅडम त्या दिवशी दुपारीच निघाल्या. दसऱ्याला जोडून रविवारपर्यंत रजा घेतली होती. पिशवीत मुलीसाठी नवा फ्रॉक होता आणि प्रबंधाचा पेनड्राइव्ह, गावी बसून शेवटचा हात फिरवायला. जाताना म्हणाल्या, आदल्या दिवशी रंगवलेली, द्रव्य घातलेल्या पेशींची एक डिश उरली आहे, रंग उद्यापर्यंत उतरेल, टाकून द्या. मी हो म्हणालो.

टाकायला उचलली आणि मनात आलं, प्रेस बंद, कंप्रेसर बंद, बुधवार असून गुरुवारसारखी शांतता. द्रव्याच्या पेशींचा चार मिनिटांचा एक झकास फोटो काढून ठेवू. मॅडम सोमवारी आल्या की देऊ, प्रबंधाच्या पहिल्या पानावर लावतील. हौस होती, दुसरं काही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सवयीनं मी दोन्ही फोटो घेतले. दहा सेकंदांचा कंप्युटरला दिला, त्यानं स्वच्छ करून सलग सुरेख धागे दाखवले. मग शेजारी चार मिनिटांचा खरा फोटो उघडला. त्यात धागे तुटलेले होते. नुसत्या साखरेतल्या पेशींएवढे नाही, पण तुटलेले. तुकड्या-तुकड्यांमध्ये बारीक फटी होत्या, आणि कंप्युटरनं त्या सगळ्या फटी भरून काढल्या होत्या.

मला आधी वाटलं आपलंच काही चुकलं. दुसरी जागा घेतली. तेच. तिसरी घेताना शेजारी नारळ फुटला आणि फोटोत धागे दुहेरी झाले, म्हणून चौथी घेतली. तेच. मी खुर्चीत बसून राहिलो. बाहेरून कुणीतरी खोबऱ्याचा तुकडा हातात आणून दिला तो मी तसाच धरून होतो.

कारण कळायला फार वेळ लागला नाही, आणि तेच जास्त लागलं. गुरुवारी मॅडम नसायच्या. द्रव्य मोलाचं, त्याच्या डिश मोजक्या, त्या सगळ्या बुधवारी संध्याकाळपर्यंत बघून संपवायच्या. गुरुवारी माझ्या सरावासाठी त्या एक साधी डिश रंगवून ठेवून जायच्या, धडधाकट पेशींची. म्हणजे सहा महिने मी कंप्युटरला फक्त धडधाकट पेशी दाखवल्या होत्या. तुटका धागा म्हणजे काय हे त्यानं बघितलंच नव्हतं. त्याच्या लेखी दोन तुकडे जवळ दिसले की मधलं मुंग्यांनी खाल्लं, भरून टाका. साखरेतल्या पेशींचे तुकडे इतके लांब लांब होते की त्यांना त्यानं हात लावला नाही. द्रव्याच्या पेशींत फटी लहान, त्या भरल्या. आणि मी परीक्षा घेतली तीही गुरुवारच्याच पेपरवर. पास न होऊन सांगतो कुणाला?

चाकणच्या कंपनीत असताना माझ्या हातून एकदा असंच झालं होतं. फोटो जरा जास्तच गुळगुळीत करून बसलो, चरे पुसले गेले, आठवडाभर एकही भाग बाजूला पडला नाही आणि सुपरवायझर खूश. मग गिऱ्हाइकाकडून खोकी परत आली. तेव्हा लोखंड होतं, वितळवून नवं केलं.

दसऱ्याला घरी गेलो. वडिलांनी खुरपी, विळे, जुना पाटा, मोटारीचे पाने-पक्कड सगळं मांडून फुलं वाहिली होती. जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. वडिलांनी विचारलं तेव्हा जमेल तसं सांगितलं. वडील आयुष्यभर चाकणच्या बाजारात कांदा नेत आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तू त्या मशिनला ढिगाच्या वरचंच कांदं दावलंस व्हय." आमच्याकडे चांगला कांदा ढिगाच्या वर ठेवायची रीत सगळ्यांना माहीत आहे, घेणाऱ्याला पण. म्हणून घेणारा ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. मी हात घातला नव्हता.

मग वडील म्हणाले, "आताच्या आता फोन कर तिला. सणाचं त्वांड बघू नगं."

मी फोन केला नाही. हातात घेतला, नंबर काढला, ठेवला. आत्ता मॅडम मुलीबरोबर असतील. सणाचा दिवस. चार दिवसांनी कळलं तर काय बिघडतंय, धागे तर तुटायचे ते तुटलेले आहेत. असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. आणखी एक गोष्ट मनात येऊन गेली, तीही सांगतो. ती डिश टाकूनच द्यायची होती. फोटो पुसला असता तर कुणाला काय कळणार होतं? मार्गदर्शकांनी मान डोलावली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारी मी ते फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले, शनिवारी परत जागेवर आणले. एवढंच माझं शौर्य.

सोमवारी मॅडम आल्या त्या प्रसन्न. चिवड्याचा डबा आणला होता. मी डबा बाजूला ठेवला आणि दोन्ही फोटो उघडून त्यांच्यासमोर ठेवले. सांगायची गरज पडली नाही. त्या स्वतः मायक्रोस्कोपवर वर्षानुवर्षं बसलेल्या. बराच वेळ बघत होत्या. मग शांतपणे एकेक विचारलं. डिश कुठली, जागा किती घेतल्या, तिसरी का हलली. मी नारळाचं सांगितलं. मग गुरुवारचं सांगितलं. गुरुवार शब्द आला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत पडद्याकडे.

मी म्हणालो की चूक माझी आहे. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, हे कधी काढले. मी म्हणालो, बुधवारी, तुम्ही गेल्यावर लगेच.

"बुधवारी?"

मी मान हलवली.

"मी दसऱ्याला तिला सांगितलं, दादा. उन्हाळ्यात आई कायमची यायलीय म्हणून. इतके दिवस पक्कं नव्हतं, म्हणून कधी बोलले नव्हते. या खेपेला बोलले." त्या परत पडद्याकडे वळल्या. "तुम्ही बुधवारीच फोन केला असता तर नसते बोलले."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. कंप्युटर बिचारा न शिकवलेलं चुकला होता. मला तर घरच्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं.

साहेबांनी आधी वाद घातला. कंप्युटरनं भरलं ते कदाचित खरंही असेल, असा कशावरून तरी मुद्दा काढला. मग चारही फोटो बघितले आणि मुद्दा सोडला. त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायच्या पुस्तिकेत ते सुंदर धागे छापले होते. संध्याकाळी त्या पुस्तिकांची सगळी खोकी त्यांनी स्वतः उचलून मागं नेऊन ठेवली. मॅडमना म्हणाले, मायक्रोस्कोप तुमचा, हवा तेवढा वेळ घ्या. वेळच नव्हता, पण म्हणाले.

मॅडमपुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही आम्हाला दिसत होत्या. आहे तो प्रबंध डिसेंबरात द्यायचा. कुणी विचारणार नव्हतं. किंवा द्रव्याच्या आणि साखरेच्या पेशींचे चार-चार मिनिटांचे फोटो नव्यानं घ्यायचे, त्यावर कंप्युटरला परत शिकवायचं आणि मग सगळं परत मोजायचं. ते फोटो फक्त गुरुवारी निघणार होते. डिश त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून होण्यासारख्या नव्हत्या, रंग लावल्यापासून फोटोपर्यंत त्यांना तिथं असणं भाग होतं. शेडची जागा बदलता येत नव्हती. शेजाऱ्याला प्रेस बंद ठेव म्हणणारे आम्ही कोण?

त्यांनी आमच्यासमोर काही जाहीर केलं नाही. बुधवारी संध्याकाळी पाच वाजले, साडेपाच वाजले, आणि त्या एसटीला निघाल्या नाहीत. पेशींना रंग लावत बसल्या. मी चहा आणून ठेवला तो थंड झाला.

दुसऱ्या दिवशीचा तो पहिला गुरुवार मला तंतोतंत आठवतो. एमआयडीसीत शुकशुकाट. फक्त आम्ही दोघं आणि एक वॉचमन. आमचा नियम असा की फोटो चालू असताना कुणी चालायचं नाही, बोलायचं नाही, आणि फोन बंद करून दाराबाहेरच्या स्टीलच्या ताटलीत ठेवायचे. मी माझा ठेवला. मॅडमनी त्यांच्या फोनचा नुसता आवाज बंद केला आणि तो मायक्रोस्कोपच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पालथा ठेवला. मी बघितलं. सांगायला हवं होतं, पण मला त्या दिवशी त्यांना नियम सांगायचं तोंड नव्हतं.

अकराच्या सुमारास तिसरी जागा लावली. द्रव्याच्या पेशी. चार मिनिटं सुरू झाली. दोघं स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसलो. पहिल्या मिनिटातच फोन थरथरायला लागला. आवाज नाही, नुसती थरथर, लोखंडी टेबलावर. अकराला शाळा सुटते हे मला कळायला क्षण लागला. मॅडमना नाही लागला. त्यांचा हात मांडीवरून वीतभर उचलला गेला आणि तिथंच थांबला. हात लावला तर टेबल हलेल, नाही लावला तरी हलतंच आहे. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्या जागच्या हलल्या नाहीत. थरथर थांबली. मग पुन्हा सुरू झाली, आणि पुन्हा. तीनदा. त्या समोरच्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही.

चार मिनिटं झाल्यावर त्यांनी फोन उचलला, बाहेर पडल्या आणि फाटकाशी जाऊन बोलल्या. परत आल्या तेव्हा आवाज नेहमीसारखा होता. "हा बाद करा," म्हणाल्या, "परत घेऊ." फोन त्यांनी ताटलीत ठेवला आणि त्यानंतर कुठल्याही गुरुवारी तो आत आणला नाही.

पुढचं थोडक्यात. कंप्युटरला तुटक्या-धडक्या सगळ्या पेशी दाखवल्या, आता तो फटी भरत नाही. द्रव्यानं फरक पडतो, पण थोडा. मॅडमनी थोडा म्हणूनच लिहिला. विद्यापीठानं हातापाया पडल्यावर जूनपर्यंत मुदत वाढवली, प्रबंध गेला, पदवी मिळाली, साहेबांनी पेढे वाटले. कॉलेजातली जागा मेमध्ये भरली गेली. मॅडम अजून आमच्याकडेच आहेत. काम आटोपल्यावर त्यांनी परत बुधवारची एसटी धरली. मुलगी मोठ्या वर्गात गेली आहे आणि तिची शाळा आता दुपारची आहे. अकरा वाजता आता ती घरातून निघते.

तो तिसऱ्या जागेचा फोटो मी बाद केला नाही. मॅडमना हे ठाऊक नाही. त्यात धागे तीन ठिकाणी दुहेरी झालेत, मधे मधे नीट आहेत, मग परत दुहेरी. मध्यंतरी साहेबांना थरथर काढून टाकण्याचा नमुना हवा होता, तेव्हा मी तो एकदा कंप्युटरमधून काढून बघितला. नव्या शिकवणीनंतर तो चांगलं काम करतो. त्यानं एक फोटो दिला, स्वच्छ, मुंगीसुद्धा नाही, फोन कधी आलाच नव्हता असा. मी तो स्वच्छ फोटो पुसून टाकला आणि साहेबांना दुसराच नमुना दिला.